पाण्यावर तरंगते ते सगळे कचरा नसते



गेल्या जानेवारीत आमच्या सातवीच्या वर्गाची सहल ऐरोलीला गेली होती. कल्याणहून शीळफाटा, तिथून महापे आणि मग ऐरोली. ऐरोलीला खाडीच्या काठी किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथून बोटीत बसून ठाण्याच्या खाडीतले रोहित पक्षी बघता येतात. रोहित म्हणजे फ्लेमिंगो. कोणी त्यांना अग्निपंखही म्हणतात. रोहित पक्ष्यांची चित्रे आमच्या वर्गातल्या मुलांनी काढली आहेत, ती शेजारच्या फलकावर लावली आहेत. ती जरूर पाहा. मी मात्र त्या दिवशी पक्ष्यांपेक्षा पाण्याकडेच जास्त वेळ बघत बसले. का ते सांगते.

बोट भरती-ओहोटीची वेळ पाहून निघते. आम्ही सगळ्यांनी फुगीर जाकिटे अंगात घातली आणि बसलो. दोन्ही बाजूंना तिवरांची झाडी. पाणी गढूळ, चहासारखे. मी कडेला बसले होते. तेवढ्यात पाण्यात एक पांढरट पिशवी दिसली. मी ओरडले, "बाई, बघा, लोकांनी खाडीत प्लास्टिकची पिशवी टाकलीय!"

बाई म्हणाल्या, "नीट बघ. पिशवी अशी उघडते-मिटते का?"

खरेच की! ती उघडत होती, मिटत होती, पुन्हा उघडत होती. वाटीएवढा तिचा आकार. आरपार दिसत होते. ती जेलीफिश होती! आणि गंमत म्हणजे तिच्यापासून चार हातांवर खरोखरची पिशवी तरंगत होती. तिच्यात झेंडूची फुले होती. म्हणजे कोणाच्या तरी देवघरातले निर्माल्य. लांबून दोन्ही सारख्याच दिसत होत्या. एक जिवंत आणि एक कचरा.

त्या पिशवीवरून मला एक आठवले. पण ते शेवटी सांगेन.

प्लवक म्हणजे काय?

पाण्यात राहणारे जीव तीन तऱ्हांनी राहतात. काही तळाशी राहतात, जसे कालवे आणि शिंपले. काही जोराने पोहतात, जसे मासे. आणि काही नुसते तरंगत राहतात, पाणी नेईल तिकडे जातात. प्रवाहाच्या उलट जाण्याची ताकद त्यांच्यात नसते. अशा तरंगणाऱ्या जीवांना प्लवक म्हणतात.

प्लवक म्हटले की सगळे डोळ्याला न दिसणारेच असतात असे नाही. बरेचसे खूप बारीक असतात हे खरे. पण जेलीफिशसुद्धा प्लवकांतच मोडते. कारण ती थोडीफार हालचाल करते, तरी जाते प्रवाह नेईल तिकडेच.

प्लवकांत दोन जाती. एक वनस्पती प्लवक आणि दुसरे प्राणी प्लवक. वनस्पती प्लवक उन्हात स्वतःचे अन्न स्वतः तयार करतात, जसे आपल्या शेतातला भात करतो. त्यांच्यातल्या डायाटम नावाच्या जीवाला तर काचेसारखे कवच असते. हे इतके बारीक आहेत, पण त्यांचे काम केवढे! पृथ्वीवर नव्याने तयार होणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे निम्मा समुद्रातले असले बारीक जीव तयार करतात. म्हणजे आपण श्वास घेतो त्यात झाडांचा जेवढा वाटा, जवळजवळ तेवढाच यांचा.

प्राणी प्लवक हे वनस्पती प्लवकांना खातात, किंवा एकमेकांना खातात. सोपे करून सांगायचे तर वनस्पती प्लवक म्हणजे पाण्यातले गवत आणि प्राणी प्लवक म्हणजे त्या गवतावर चरणाऱ्या शेळ्या.

बाटलीतले पाणी

बोटीवरच्या दादांनी आम्हाला बादलीने थोडे पाणी वर काढून दिले. बाईंनी ते काचेच्या बाटलीत भरले. आधी तर नुसता गाळच दिसला. मुले म्हणाली, "यात काहीच नाही." मग गाळ खाली बसू दिला, बाटली उन्हासमोर धरली आणि मागे काळे दप्तर धरले. तेव्हा पांढरे ठिपके दिसू लागले. ते ठिपके स्वस्थ नव्हते. थांबायचे, एकदम टुणकन उडी मारायचे, पुन्हा थांबायचे. भिंगातून पाहिले तर त्यांना दोन लांब मिशा दिसल्या.

बाई म्हणाल्या, हे कोपेपॉड. कोळंबीच्या लांबच्या नात्यातले. एकेक तिळाहूनही लहान, एक मिलिमीटरच्या आसपास. पण समुद्रात आणि खाडीत त्यांची संख्या एवढी असते की माशांच्या पिल्लांचे पोट त्यांच्यावरच भरते. प्राणी प्लवकांत सगळ्यांत जास्त भरणा यांचाच. त्यांच्यातले पुष्कळ जीव दिवसा खाली खोल पाण्यात उतरतात आणि रात्री वर येतात. दिवसा वर राहिले तर मासे त्यांना पाहून गट्ट करतात ना!

मग ते पाणी आम्ही परत खाडीत ओतले.

आपल्या ताटातले प्लवक

आता एक गंमत सांगते. आपण सगळ्यांनी प्लवक खाल्लेले आहेत. खोटे वाटते ना? आपल्या घरी जवळा करतात की नाही? कांदा घालून परतलेला सुका जवळा, सोबत तांदळाची भाकरी. तो जवळा म्हणजे बारीक कोळंबी नव्हे, कोळंबीची पिल्लेही नव्हेत. ती एक वेगळीच जात आहे आणि ती मोठी होऊनही एवढीशीच राहते, दोन-चार सेंटिमीटर. जवळा भरती-ओहोटीच्या पाण्याबरोबर थव्याथव्याने वाहत जातो. कोळी लोक डोल जाळे प्रवाहात बांधून ठेवतात. जाळे जागच्या जागी राहते आणि वाहता जवळा आपणहून त्यात शिरतो.

हाच जवळा बोंबील खातो, दुसरे मासेही खातात. आमचे आजोबा पूर्वी खाडीत मासेमारी करत. मी घरी येऊन प्लवकांचे सगळे सांगितले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "ह्यात नवीन काय? जवला नाय त मासली नाय." आजोबांना प्लवक हा शब्द माहीत नव्हता, पण गोष्ट माहीत होती.

चिंबोरीचे बाळपण

आणखी एक गोष्ट मला नवीन होती. चिंबोरी चिखलात राहते, कालव दगडाला घट्ट चिकटून बसते. आपल्याला वाटते, ही जन्मभर तिथेच. पण तसे नाही. ही सगळी लहानपणी तरंगत असतात!

चिंबोरीची मादी लाखांनी अंडी घालते. अंड्यातून बाहेर येते ते पिल्लू चिंबोरीसारखे दिसतच नाही. मोठाले डोळे, डोक्यावर काटा, मागे शेपटी आणि आकार टाचणीच्या टोकाएवढा. ते काही आठवडे पाण्यात तरंगते, पुन्हा पुन्हा कात टाकते आणि मग कुठे त्याची चिंबोरी होते. कालवाचे पिल्लूही आधी तरंगते. मग एखादा चांगला दगड सापडला की त्याला चिकटते ते कायमचेच. कोळंबीचेही तसेच.

म्हणजे बाटलीतले जे ठिपके आम्ही "काहीच नाही" म्हणालो होतो, त्यांत उद्याची चिंबोरी असेल, उद्याची कोळंबी असेल. लाख पिल्लांतली थोडीच मोठी होतात. बाकीची माशांच्या पोटात जातात. त्यातच पाणी घाण झाले, त्यातला प्राणवायू कमी झाला, तर ती थोडीसुद्धा उरत नाहीत.

रोहित पक्षी इथे का येतात?

आता पक्ष्यांकडे वळू, नाही तर मुले म्हणतील, बोटीत बसून हिने पक्षी पाहिलेच नाहीत!

खाडीत थोडे आत गेल्यावर चिखलाच्या पट्ट्यावर रोहित पक्षी दिसले. लांबून वाटले, कोणी गुलाबी लुगडी वाळत घातली आहेत. ठाण्याच्या खाडीत दोन जातींचे रोहित येतात, मोठा आणि लहान. पावसाळा संपला की यायला लागतात आणि उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत राहतात. काही वर्षी त्यांची मोजदाद लाखाच्याही वर गेली आहे.

ते एवढ्या लांबून येतात ते खाण्यासाठी. रोहित पक्षी मान खाली घालतो आणि चोच उलटी करून पाण्यात बुडवतो. जीभ पंपासारखी मागे-पुढे करून पाणी आत घेतो आणि बाहेर टाकतो. चोचीच्या कडेला बारीक दाते असतात, आपल्या चहाच्या गाळणीसारखे. त्यांत अन्न अडकते. लहान रोहित मुख्यतः बारीक शेवाळ आणि डायाटम खातो. मोठा रोहित कोळंबीच्या जातीचे बारीक जीव, किडे, लहान शिंपले असे खातो.

त्याचा गुलाबी रंगही या खाण्यातूनच येतो! गाजरात जसा रंग असतो तशाच जातीचा रंग शेवाळात आणि त्या बारीक जीवांत असतो. तो पक्ष्याच्या पिसांत उतरतो. रोहित पक्ष्याचे पिल्लू राखाडी असते. चांगले खाऊन-पिऊन दोन-तीन वर्षे गेली की ते गुलाबी होते.

सरकारने २०१५ साली इथल्या सुमारे १७ चौरस किलोमीटर भागाला फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर केले. २०२२ साली ठाण्याच्या खाडीची सुमारे ६५ चौरस किलोमीटर पाणथळ जागा रामसर यादीत गेली. रामसर हे इराणमधले गाव आहे. तिथे १९७१ साली जगातल्या पाणथळ जागा राखण्याचा करार झाला, म्हणून ते नाव. आपली खाडी जगाच्या यादीत गेली ती पक्ष्यांमुळे, असे आपण म्हणतो. पण पक्षी कोणामुळे? तर या चिखलातल्या आणि पाण्यातल्या बारीक जीवांमुळे.

जेलीफिश मासा आहे का?

नाही. नावात फिश असले तरी ती मासा नाही. तिला हाडे नाहीत, मेंदू नाही, हृदय नाही, रक्त नाही. तिच्या अंगात शंभरातले पंचाण्णव भाग पाणीच असते. म्हणून वाळूवर पडली की उन्हाने थोड्याच वेळात आटून जाते. पण हिला दुबळी समजू नका. जेलीफिशची जात पन्नास कोटी वर्षांपासून समुद्रात आहे. डायनोसॉर नंतर आले आणि निघूनही गेले.

छत्रीच्या कडेला आणि खाली तिला सोंडांसारखे धागे असतात. त्या धाग्यांवर बारीक बारीक डंखाच्या पेशी असतात. प्रत्येक पेशीत एक गुंडाळलेली विषारी नळी असते. धाग्याला काही लागले की ती स्प्रिंगसारखी सुटते आणि टोचते. जेलीफिश मुद्दाम आपल्याला चावायला येत नाही. ती भक्ष्य पकडायला धागे सोडून बसलेली असते, मध्ये आपण जातो. काही जातींचा डंख आपल्याला कळतही नाही, काहींचा फार दुखतो. कोळ्यांच्या जाळ्यात जेलीफिश भरल्या की जाळे जड होते, मासळी खराब होते आणि हातांची आग आग होते.

निळी बाटली

आता लक्ष देऊन वाचा, कारण हे आपल्या जिवाशी आहे.

जुहू, गिरगाव अशा मोकळ्या समुद्राच्या किनाऱ्यांवर पावसाळ्यात निळे फुगे येऊन पडतात. त्यांना निळी बाटली किंवा ब्लू बॉटल म्हणतात. दिसायला इतके सुंदर की उचलावेसे वाटतात. हिला लोक जेलीफिश म्हणतात, पण ही जेलीफिशही नाही. हा एक प्राणीसुद्धा नाही! पुष्कळ छोटे जीव एकत्र जोडून राहतात, त्यांची ती वसाहत असते. कोणी फुगा होऊन तरंगण्याचे काम करतो, कोणी भक्ष्य पकडतो, कोणी ते पचवतो, कोणी पिल्लांचे बघतो. आपल्या वर्गात कोणी फळा पुसतो, कोणी पाणी भरतो, कोणी सतरंज्या घालतो, तसे. फरक एवढाच की ते एकमेकांना सोडून जगू शकत नाहीत.

निळ्या बाटलीला पोहता येत नाही. तिचा फुगा हाच तिचे शीड. पावसाळ्यात वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो, म्हणून ती त्या दिवसांत किनाऱ्याला लागते. २०१८ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या किनाऱ्यांवर त्या खूप आल्या. सुमारे दीडशे लोकांना डंख झाल्याचे तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आले होते.

माझ्या आतेभावाला गेल्या पावसाळ्यात असाच डंख झाला. आम्ही आत्याकडे गेलो होतो आणि समुद्रावर खेळत होतो. वाळूत निळा फुगा दिसला. तो म्हणाला, "मेलाय तो, काय करतोय?" आणि धाग्याला धरून उचलला. मग जो ओरडला! हातावर चाबूक मारल्यासारखे लाल वळ उठले. जमलेल्या लोकांनी त्याच्या हाताला वाळू चोळली आणि पिण्याच्या बाटलीतले पाणी ओतले. आग कमी व्हायच्या ऐवजी वाढली. डॉक्टरांकडे नेल्यावर त्यांनी सांगितले की दोन्ही उपाय उलटे होते. जीव मेला तरी धाग्यावरच्या डंखाच्या पेशी बऱ्याच वेळपर्यंत काम करतात. चोळले की आणि गोडे पाणी ओतले की उरलेल्या पेशीही फुटतात आणि आणखी विष जाते.

म्हणून हे पाठ करून ठेवा:

१. किनाऱ्यावरचा निळा फुगा किंवा जेलीफिश हाताने, पायाने, काठीने शिवू नका. मेलेली असली तरी नाही.

२. डंख झाला तर लगेच पाण्याबाहेर या. चोळू नका. वाळू लावू नका. गोडे पाणी ओतू नका. लघवी लावण्याचा उपाय लोक सांगतात, तोही करू नका.

३. समुद्राच्याच पाण्याने ती जागा धुवा. चिकटलेले धागे चिमट्याने काढा. उघड्या हाताने काढू नका.

४. निळ्या बाटलीचा डंख असेल तर ती जागा सोसेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटे धरा. पाणी किती गरम आहे ते आधी मोठ्या माणसाने स्वतःच्या हाताने पाहावे, नाही तर भाजेल.

५. श्वास लागला, छातीत दुखले, चक्कर आली, उलट्या झाल्या, किंवा डंख डोळ्याला-तोंडाला असेल, तर उपाय करत न बसता दवाखाना गाठा.

आतेभाऊ आता बरा आहे. हातावर पुसट रेघा आहेत. त्या तो सगळ्यांना दाखवतो.

आणि आता राहिलेली गोष्ट

खाडीत जी झेंडूची पिशवी पाहिली, ती माझी नव्हती. पण माझी असू शकली असती. कारण आमच्या घरचे निर्माल्य पिशवीत भरून, गाठ मारून खाडीत टाकायचे काम माझेच होते. आजी द्यायची आणि मी पुलावरून भिरकावायची. किती लांब जाते ते बघायला मजा यायची.

आपल्या इथली खाडी म्हणजे उल्हास नदीचेच पाणी. ते बदलापूर, कल्याण, डोंबिवलीवरून येते आणि ठाण्याजवळ त्याला फाटा फुटतो. मोठा प्रवाह घोडबंदरवरून वसईला समुद्रात जातो, लहान फाटा ठाण्याच्या खाडीला मिळतो. म्हणजे आपल्या पुलावरून टाकलेली पिशवी कुठे थांबत नाही. तीही तरंगते आणि पाणी नेईल तिकडे जाते. अगदी प्लवकासारखी. पण ती कोणाचे पोट भरत नाही. समुद्रातली कासवे जेलीफिश खातात. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारे ऑलिव्ह रिडले कासवसुद्धा खाते. मी माणूस असून चार हातांवरून फसले, तर कासवाला पिशवी आणि जेलीफिश यांतला फरक कसा कळणार? पिशवी पोटात गेली की ती पचत नाही आणि कासव उपाशी मरते.

गटाराचे पाणी खाडीत कुजते तेव्हा पाण्यातला प्राणवायू खर्च होतो. मग आधी मरतात ती तरंगणारी पिल्ले. आजोबा म्हणतात, "आमच्या वेलंला खाडीन मासली होती, आता नाय." मी विचारले, कुठे गेली? ते काही बोलले नाहीत. सगळे गटार बंद करणे काही आपल्या हातात नाही. पण पिशवी आपल्याच हातात असते.

सहलीहून आल्यावर मी आजीला सांगितले. ती आधी रागावली. म्हणाली, "देवाची फुलं काय उकिरड्यावर टाकायची?" मग आईने परसात तुळशीजवळ एक खड्डा केला. आता निर्माल्य त्यात घालतो, वर माती टाकतो. यंदा त्या मातीवर झेंडूची रोपे आपणहून उगवली. आता आजीच शेजारणींना तो खड्डा दाखवते.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी खाडीवर किंवा समुद्रावर गेलात तर पाण्यात हात घालण्याआधी दोन मिनिटे नुसते बघा. काही तरंगताना दिसले तर ते उघडते-मिटते का, टुणकन उडी मारते का, ते पाहा. जिवंत असेल तर लांबूनच बघा आणि त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्या. पिशवी असेल तर बोटीवरच्या दादांना सांगून जाळीने वर काढा. आम्ही त्या दिवशी झेंडूची पिशवी तशीच काढली.

पालकांनो, जाताना आमच्या परसबागेजवळ निर्माल्याचा खड्डा आहे, तोही पाहून जावे.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी